चटणीतला खळगा

मंगळवार, संध्याकाळ

पित्ताशय काढून महिना होत आला. आज जेवताना अव्वानं, म्हणजे आईनं, माझ्या शेंगाचटणीत बोटानं खळगा केला आणि सवयीनं तेलाची किटली उचलली. मी ताटावर हात आडवा धरला. म्हटलं, तेलकट ताटाचं साबण जे करतो, तेच पोटात पित्त तेलाचं करतं. यकृतात ते अजून तयार होतं, पण साठवायची पिशवीच गेली. आता ते थोडं थोडं झिरपत राहतं, एकदम आलेलं तेल त्याला झेपत नाही.

"मग थेंबथेंबच वाढते की," ती म्हणाली. चमच्याच्या टोकानं खळग्यात दोन थेंब सोडले.

कळलं असेल का तिला? कुणास ठाऊक. नंतर ती जेवायला बसली. एरवी तेलाशिवाय तिच्या घशाखाली चटणी उतरत नाही. तिचं पित्ताशय शाबूत आहे. तरी तिच्या चटणीतला खळगा कोरडाच.