दिवेलागणीची सुई

कुंभिवली, सोमवार

तीर्थस्वरूप सुनंदाताईस,

धाकट्या गजाचा दुकानाच्या गादीवरून वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला बसला का? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. (फोनच केला असता, पण फोनवर तू आधी रडतेस, मग ओरडतेस. माझी पाळी येतच नाही.)

नीलेशसाठी तू सुचवलेलं कळंबचं स्थळ बहुतेक माझ्यामुळे मोडतंय. कसं ते ऐक. गेल्या गुरुवारी तिन्हीसांजेला मी देवापुढे दिवा लावून हात जोडतोय, तोच एक मुलगी स्कूटर थांबवून आली. कुठेतरी अडकून बाही खांद्यापासून फाटलेली, ती एका हाताने धरून म्हणाली, काका, सुई-दोरा द्या. आता तूच सांग, दिवेलागणीला सुई आणि मीठ वाण्याने द्यायचं असतं का? लक्ष्मी आत यायची वेळ ती, अण्णांनी जन्मभर पाळली. मी म्हटलं, सकाळी या. ती म्हणाली, डबा तर समोरच आहे. मी डब्यावर फडकं टाकलं आणि तिला आपल्या घराण्याचे सगळे नेम समजावून सांगितले. (पंधरा मिनिटं लागली. मी काही सोडलं नाही.) तिने बाही धरून मुकाट्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, सेफ्टी पिना चालतील का? अण्णांनी पिनांचं काही सांगून ठेवलेलं नव्हतं. पण टोक ते टोकच, म्हणून मी त्यालाही नाही म्हटलं. गेली बिचारी तशीच, एका हाताने स्कूटर ढकलत.

काल आम्ही कळंबला मुलगी बघायला गेलो. पोह्यांच्या बशा घेऊन आली ती तीच! हर्षला! तिने सगळ्यांसमोर सुईची हकीगत सांगितली, तर तिचे वडील खूश. तेही वाणीच, म्हणाले, वा शेटजी, आमच्याकडेही हेच. मला वाटलं, जमलं! पण ती शांतपणे म्हणाली, नीलेश मला पसंत आहेत, पण लग्नानंतर मी दुकानात बसणार, आणि दारात कुणी अडलेलं असताना डबा झाकणं मला जमणार नाही. काकांनी गुरुवारपर्यंत विचार करून सांगावं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आज आपल्या दुकानाला चार माणसं ओळखतात ती या नेमधर्मामुळेच, असं मी येताना गाडीत सगळ्यांना सुनावलं. घरी आल्यावर नीलेशने एवढंच विचारलं, बाबा, आजी तर तिन्हीसांजेलाही द्यायची ना हो? तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. त्या मुलीचा तो बाही धरलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही. पोराचं मन बसलंय, आणि मी अण्णांच्या फोटोकडे बघत बसलोय.

तुझा,
गजा

ता. क. खरं काम हे. मला अंधुक आठवतं, अण्णा पुढे दिव्याला हात जोडायचे आणि आई मागच्या दाराने कुणाला तरी मीठ द्यायची. मी सहा-सात वर्षांचा असेन. मला म्हणायची, गप रं. तू मोठी, तुला पक्कं ठाऊक असेल. ती द्यायची असं दोन ओळींत लिहून पाठव. देत नसली तरी तसंच लिही. अण्णांच्या फोटोपुढे ठेवायला काहीतरी हवं.

ता. क. २. पत्र बंद करणार तोच, ऐन दिवेलागणीला, पुतळाबाई आली. जावई अचानक आलेत आणि घरात मिठाचा खडा नाय म्हणाली. मी तिला मागच्या दारी बोलावलं. (ती म्हणते, शेट, म्होरं द्या की, मी काय चोर हाय का?) बटाट्याची पोती ओढून, किती वर्षांनी ती कडी काढली. दाराशेजारच्या कोनाड्यात आईचं मापटं होतं, ताई. कडेला अजून मिठाचा थर धरलेला.

आता तू नाही लिहिलंस तरी चालेल. पत्र तुमच्याकडे येणाऱ्या ओमकारच्या टेंपोतून पाठवतोय, मिळताच हर्षलाला फोन कर. गुरुवारी दिवेलागणीलाच ये म्हणावं, आणि पुढच्या दाराने.