कासवीचा राहिलेला आवाज

मुरुड. मंगळवार, संध्याकाळ.

शालिनीताई हो म्हणाल्या! अजून खरं वाटत नाही.

अर्धवट राहिलेल्या एका जुन्या कार्टून सिनेमात कासवीचा आवाज त्यांचाच. सिनेमा मध्येच बंद पडला, त्याला तीसेक वर्षं झाली. आम्ही चार वेडे वर्षभर जुन्या कॅसेटवरून एकेक चित्र साफ करतोय. शेवटच्या प्रसंगाची चित्रं मिळाली, पण त्याचा आवाज कधी रेकॉर्डच झाला नव्हता. तो आवाज द्या म्हणून फोन केला, तर ताईंनी मला दोनदा झिडकारलं होतं.

आज आगरदांड्याहून फेरीबोटीने सरळ दिघीला त्यांच्या घरी गेले. चहा दिला, पण लॅपटॉपकडे बघेनात. म्हणाल्या, “अख्ख्या गावाला सांगितलेलं, माझा पिक्चर येतोय. आलाच न्हाय. लोक अजून हसतात.”

मी गुपचूप पहिला प्रसंग लावला. त्यांचा विशीतला आवाज खोलीभर घुमला. ताईंनी पदर तोंडाशी धरला.

“आता असा आवाज कुठून आणू? म्हातारी झाले मी.”

“ताई, शेवटी कासवीही म्हातारी होऊनच किनाऱ्यावर परत येते.”

पदर तसाच तोंडाशी. मी जास्त बोलले का? मग त्यांनी हात पुढे केला. “संवादांचा कागद दे.”

मी रेकॉर्डर लावला; त्यांनी एका दमात संवाद म्हटला. माझे डोळे भरून आले. “सुंदर! झालं, ताई.”

त्यांनी मान हलवली. “न्हाय. ह्यात कासवी रडतेय. ती थकली हाय, पण घरी पोचली हाय. परत लाव.”

मी मुकाट्याने परत लावलं.