एका सांध्यात दोन तारा

३ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद, पण ते पत्राच्या शेवटी मोजून घे. आधी बाकीचं वाच.

फोनवर दुसऱ्या वाक्याला आपले आवाज चढतात आणि तिसऱ्याला कोणीतरी फोन ठेवतं, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाला उलट बोलता येत नाही.

तू वेल्डिंगच्या तारेच्या तुझ्या नव्या रिळावरचा छापील कागद पाठवलास. मी तो भिंगाखाली धरला. तुला त्यात गॅस लागत नाही एवढंच दिसलं. त्याच्या खाली तिसऱ्या ओळीत छापलंय की ही तार फक्त एका थरासाठी आहे. म्हणजे पत्र्याला पत्रा चिकटवायचा, एकदा हात फिरवायचा आणि निघायचं. आपल्या तुळईचा सांधा वीस मिलिमीटर जाड, त्यात नऊ थर. रुग्णालयाच्या दोन इमारतींमध्ये चौथ्या मजल्याच्या उंचीवर हा पूल टांगायचा आहे, त्यावरून स्ट्रेचर जाणार. तू काय कोंबड्यांचं खुराडं जोडतोयस? बावीस वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि तार घेताना तिसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाहीस, म्हणजे मी पालथ्या घड्यावर पाणीच ओतत होतो.

त्या तारेने केलेले तिन्ही सांधे मुळापासून खरवडून काढ. एक रेघही ठेवू नकोस.

वारा असला की वितळीवर सोडलेला गॅस उडून जातो आणि जोडाला भोकं पडतात, हे मला माहीत आहे. इथे शेडमध्ये मी अकरा रिळं तपासून गॅसवरची तार निवडली. पण तुझ्या उंचीवरचा वारा मी धरला होता त्याहून जास्त निघाला, हे मान्य. म्हणून आजच्या ट्रकने दुसऱ्या तारेची आठ रिळं पाठवतोय. हिच्याही पोटात पूड भरलेली आहे, गॅस लागत नाही, पण ही अनेक थरांची आहे आणि उणे वीस तापमानाला घाव सोसण्याची हमी तिच्या दाखल्यावर आहे. तार सोडणारी टॉर्च मशीनच्या उणे टोकाला जोड, अधिकला नाही. टॉर्चच्या टोकाबाहेर तार बावीस मिलिमीटर ठेव. बावीस म्हणजे बावीस, अंदाजे वीस नाही. रीळ उघडलं की उरलेलं कोरड्या पेटीत जायला हवं.

तुझी वहिनी म्हणाली, पत्रातून एवढा ओरडतोस तर टपालखातं वजनाचे जास्त पैसे घेईल. तिला हसू येतं. मला येत नाही.

माया आहेच, ती रागाच्या खाली सापडेल.

तुझा,
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, वाकूनच करतोय, कारण इथे ताठ उभं राहिलं की वारा ढकलतो.

एका थराची तार घेतली ही माझी चूक. तिन्ही सांधे खरवडले, दोन दिवस गेले. दुकानात तेवढीच एक होती आणि खाली क्रेनवाला तासावर उभा होता, हे कारण म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. पण खुराड्याचं तू जे लिहिलंस ते मी विसरणार नाही. तुझ्या शेडला तीन भिंती आहेत, वर पत्रा आहे आणि हाताशी चहा आहे. इथे दोन इमारतींच्या मधे वारा नरसाळ्यातून यावा तसा येतो. टोपीची काच पुसायला हातमोजा काढला की बोटं दगड होतात.

तुझी तार चांगली चालली. धूर फार, वितळ जाड, पण भोकं नाहीत. चोवीसही सांध्यांना मूळ आणि वरचे दोन थर घालून झाले. इथले लोक मला बावीस मिलिमीटर म्हणून हाक मारतात, कारण मी टॉर्चला मापाची पट्टी बांधली आहे.

आता कंपनीने ताडपत्रीचे आडोसे दिलेत, आत वारा येत नाही. मला हेच काम याच तारेने शेवटच्या थरापर्यंत न्यायचं आहे. चार दिवस जास्त लागतील. कारण विचारशील तर नीट सांगता येणार नाही. सुरुवात जिने केली तिनेच शेवट करावा असं हाताला वाटतं. तू सांगशील तसं.

वहिनीला नमस्कार. राग कमी झाला तर कळव, न झाला तरी पत्र लिही.

बारक्या

१४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद.

हाताला वाटतं हे कारण कार्यपद्धतीच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहू? साहेब विचारतील तर काय सांगू, माझ्या भावाच्या मनगटाला असं वाटतं?

ऐक. आडोसा आला म्हणजे वारा गेला. वारा गेला म्हणजे गॅसवरची तार चालते. ती निम्म्या वेळात भरते आणि तिचा थर असा बसतो की वरून हात फिरवावा. तुझी धुराची तार त्या ताडपत्रीत चालवशील तर संध्याकाळपर्यंत खोकून खोकून मरशील. दोन्ही तारांचे दाखले माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आहेत. ताकद दोघींची सारखी, उणे वीसला घाव सोसण्याचा आकडा दोघींचा पास. दोघी वेगवेगळ्या पास आहेत, तर एकत्र नापास कशा होतील? एवढा साधा हिशेब आहे.

नवी कार्यपद्धती सोबत आहे. खालचे तीन थर जे आहेत ते, वरचे सहा गॅसवरच्या तारेने. खाली सही माझी आहे. या कारखान्यात पदवी नसलेल्या माणसाची सही या कागदावर चालते ती एकट्या माझी, आणि ती मी खोक्यांवरची बारीक अक्षरं शब्दकोश घेऊन वाचत मिळवली आहे. तेव्हा कागदाप्रमाणे कर आणि हाताला जरा गप्प बसायला सांग.

सोबत चाचणीची एक पट्टी त्याच क्रमाने जोडून प्रयोगशाळेत पाठव. माझ्या लेकीच्याच प्रयोगशाळेत जाईल, तिला मी काही सांगणार नाही.

माया तशीच आहे, तपासून घ्यायची गरज नाही.

दादा

२ डिसेंबर

ती. बाबांस,

नमस्कार. आईला आणि तुम्हाला एकदमच लिहिणार होते, पण हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा.

काकाची पट्टी नापास झाली. नात्यामुळे आमच्या साहेबांनी मला बाजूला बसवलं, हातोडा दुसऱ्याने सोडला, मी फक्त काचेतून पाहिलं. ओढून पाहिली, पास. वाकवून पाहिली, पास. अल्ट्रासोनिकला आत एकही भोक नाही, इतका स्वच्छ जोड आम्ही या वर्षात पाहिला नाही. मग खाच पाडून उणे वीसला थंड केलेले तुकडे घेतले. हातोड्याचा सत्तावीस ज्यूलचा घाव त्यांनी सोसायला हवा होता. पहिला नऊला तुटला, दुसरा अकराला, तिसरा चौदाला. म्हणजे रोजच्या वजनाला तो पूल उभा राहील. कडाक्याच्या थंडीत एखादा जोराचा धक्का बसला, तर वाकून इशारा न देता तुटेल.

माझा अंदाज लिहिते, रागावू नका. गॅसशिवायच्या तारेत हवेला आवरण्यासाठी ॲल्युमिनियम घातलेलं असतं. तिच्याच थरावर तिचाच थर असला तर त्याचं गणित जमलेलं असतं. त्यावर गॅसवरची तार ओढली की खालचं ॲल्युमिनियम वरच्या वितळीत मिसळतं आणि तिचं गणित बिघडतं. दोन्ही चांगल्या, पण एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

इन्स्पेक्टरच्या फॉर्मवर कारणाचे दोनच चौकोन आहेत, साइटवरची कारागिरी किंवा कार्यपद्धती. त्यांनी कारागिरीवर पेन्सिलीने खूण केली आहे, कारण कागदावर तुमची सही पाहून त्यांना शंका आली नाही. पंधरा तारखेला ते शाईने करणार. तसं झालं तर काकाचं वेल्डरचं कार्ड दोन वर्षांसाठी जातं.

तुमचीच,
लेक

४ डिसेंबर

बारक्या,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही.

नऊ, अकरा, चौदा. माझ्या आयुष्यात माझ्या कागदावरचं काम नापास झालेलं नाही. आता मला खरं सांग. रीळ उघडं ठेवून जेवायला किती वेळा गेलास? गॅसवरची तार लावताना टॉर्च उणेवरून अधिकला बदललास की तसाच ठेवलास? मापाची पट्टी मापासाठी बांधली होतीस की मित्रांना हसवायला बांधली होतीस? नाचता येईना अंगण वाकडं, आणि त्यावर माझी लेक मला ॲल्युमिनियम शिकवते. ती जन्मायच्या आधीपासून मी लोखंड वितळवतोय.

इन्स्पेक्टरने फॉर्मवर तुझ्या कारागिरीवर पेन्सिलीने खूण केली आहे; माझं मत विचारलं तर ती बरोबर आहे असं मी सांगणार. सख्ख्या भावासाठी मी खोटं बोलत नाही.

दादा

८ डिसेंबर

ती. दादास,

नमस्कार केला आहे, पोचला समज.

सोबत माझ्या वहीची एकतीस पानं आहेत. प्रत्येक सांध्याला रीळ किती वाजता उघडलं, किती वाजता पेटीत गेलं, व्होल्ट किती, टोकाबाहेर तार किती, टॉर्च कुठल्या टोकाला, ते सगळं आहे. शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही आहे, माझी नाही. तूच शिकवलंस अशी वही ठेवायला. तुला भिंग लागेल, अक्षर बारीक आहे.

इथले सगळे सांगतात, भावाचं चौदा नोव्हेंबरचं पत्र इन्स्पेक्टरला दाखव आणि सुट. मी एकाच तारेने करायचं म्हणत होतो आणि तू नाही म्हणालास, हे त्यात तुझ्याच अक्षरात आहे. पत्र माझ्या पेटीत आहे आणि तिथेच राहील. तुला दाखवावंसं वाटलं तर येऊन घेऊन जा.

कार्ड गेलं तर दोन वर्षं काय करायचं ते मी आणि तुझी भावजय बघून घेऊ. तुझ्या दारात येणार नाही. पण एक लक्षात ठेव. मी कुठेही कसूर केलेली नाही. माझी चूक एवढीच की हाताचं ऐकायला हवं होतं तिथे मी तुझं ऐकलं.

बारक्या

१३ डिसेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. आज आधी देतोय, शेवटपर्यंत हात टिकेल की नाही माहीत नाही.

तुझी वही खोटी ठरवायची म्हणून मी प्रयोग केला. हाच शब्द खरा आहे. वीस मिलिमीटरचे तीन जोड घातले. एक पूर्ण गॅसच्या तारेचा, एक पूर्ण बिनगॅसच्या तारेचा, एक तुझ्यासारखा दोघींचा. माझ्या हाताने, माझ्या शेडमध्ये, दारं लावून. खाचा पाडल्या, बर्फ-मिठात तासभर बुडवले, पकडीत धरले आणि घण घातला. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसरा घण लागला तसा खडूसारखा तुटला आणि तुकडा टिनाच्या भिंतीवर जाऊन आदळला. मी पुन्हा तीन केले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा केले तेव्हा तुझी वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, अजून किती वेळा तुटायला हवंय तुला? मी तिच्यावरही ओरडलो.

मला कोणाचा राग आलाय ते ठरवता येत नाही. तार बनवणाऱ्यांचा येतो, खोक्यावर सतरा सूचना छापतात आणि हिच्यावर दुसरी ओढू नका ही अठरावी छापत नाहीत. इथल्या पदवीवाल्या साहेबाचा येतो. तो म्हणाला, हे तर पुस्तकात असतं. असेल. मी खोकी वाचून शिकलो, पुस्तकाच्या त्या पानापर्यंत मला कोणी नेलं नाही. मग या सगळ्यांच्या मागे मी स्वतः उभा दिसतो आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो, कारण त्याला विचारणारा एक माणूस होता आणि त्याने त्याला गप्प बसवलं.

इन्स्पेक्टरला काल पाठवलेल्या पत्रातल्या ओळी उतरवतो. कारण कार्यपद्धती. तारा निवडणारा आणि क्रम ठरवणारा मी. साइटवरच्या वेल्डरने एकाच तारेची मागणी लेखी केली होती, ती मी फेटाळली. वहीची एकतीस पानं जोडली आहेत.

मोठ्या साहेबांनी आज माझा सही करण्याचा अधिकार काढून घेतला. मी परीक्षा देईपर्यंत कार्यपद्धतीचे कागद पदवीवाला लिहील.

माफी कशी मागतात ते मला कोणी शिकवलेलं नाही आणि ते खोक्यावरही छापलेलं नसतं. मी रजा टाकली आहे. गुरुवारच्या बसने येतो. चोवीस सांधे मी खरवडतो, एकटा. तू आडोशाची दोरी धर आणि मला काही बोलू नकोस.

माया उरली असेल तेवढी ठेव.

दादा

१६ डिसेंबर

ती. दादास,

साष्टांग नमस्कार.

काल इन्स्पेक्टरने पेन्सिल खोडली आणि दुसऱ्या चौकोनात शाई भरली. कार्ड माझ्या हातात दिलं. तुझं पत्र त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, असं लिहिणारा माणूस त्याने पाहिला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला तुझाच राग आला. सही घालवून बसलास आणि वर एकट्याने चोवीस सांधे खरवडणार म्हणतोस. वय त्रेपन्न, गुडघा एकच चालतो, आणि शिडी चार मजल्यांची.

तेव्हा आता माझं ऐक. इथे वर चढायला माझी चिठ्ठी लागते. तू माझ्या हाताखाली काम करशील. खरवडायचं दोघांनी, बारा बारा. वर पुन्हा भरायचं ते कोणत्या तारेने, हे मी ठरवणार, आणि मुळापासून शेवटापर्यंत ती एकच असेल. त्यावर एक शब्दही ऐकून घेणार नाही. मान्य नसेल तर बस पकडू नकोस.

मान्य असेल तर लोकरीचे मोजे दोन जोड आण. एक माझ्यासाठी.

बारक्या