पेव बुजवण्याबाबत

धाड, जि. बुलडाणा
रविवार, १८ जानेवारी

ती. महादेवमामांस,

समताचा नमस्कार. तुमची शुगर आणि विमलमामींचा गुडघा दोन्ही मर्यादेत असतील अशी आशा. इकडचं वृत्त क्रमाने देते.

१. गुरुवारी तुमच्या सांगण्यावरून इथल्या अंगणाची पाहणी केली. अंगणातलं पेव (म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार, विमलमामींसाठी खुलासा) धोकादायक आहे, मुरूम टाकून बुजवावं, असा अहवाल सही करून तुम्हाला पाठवला.
२. शुक्रवारी सकाळी दोन परदेशी पाहुणे पायी आले.
३. पेव उघडलं.
४. माझ्या यंत्राने आतली हवा चांगली असल्याचं दाखवलं.
५. दिवा विझला.
६. कोणीही मेलं नाही.

हे फोनवर का कळवलं नाही, तर माझा तीन पानी अहवाल मिळाल्यावर चार सेकंदांत तुमचा अंगठा आला आणि दहा मिनिटांत मंगळवारी, सत्तावीस तारखेला, मुरमाची ट्रॉली सांगितल्याचा निरोप. कागद निदान उघडावा तरी लागतो.

पाहुणे हॉलंडचे. यान आणि मार्येट, नवरा-बायको, दोघंही साठीच्या पुढचे, देऊळगाव राजाहून अजिंठ्याला पायी निघालेले. तुमचे चुलतभाऊ कडूबामामा त्यांना रस्त्यात भेटले आणि बस चुकली असं समजून घरी घेऊन आले. पैसे असताना माणूस आपणहून पायी चालतो हे सोजरामामींना काही केल्या पटेना. ("नवस असन काही. इचारू नोको, फळत नाही मंग.") मार्येटकडे एक वही होती. वाटेत न कळलेल्या गोष्टी ती त्यात लिहून ठेवत होती. कडूबामामांनी लगेच जाहीर केलं, "आमची भाची इंजिनिअर हाये, कारखान्यात सुरक्षा पाह्यते. इचारा काय इचारायचं ते."

मी उत्तरं दिली. स्लॅबवर उभ्या सळ्या सोडलेली घरं अर्धवट राहिलेली नसतात; वरचा मजला मुलाच्या लग्नाला होतो, तोवर सळ्या वाट पाहतात. नव्या बांधकामाला जुनं पायताण टांगतात ते दृष्ट लागू नये म्हणून. धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकतात, कारण ती पाणी खाली जाऊ देत नाही. सोळा प्रश्नांपर्यंत माझं ठीक चाललं होतं. सतरावा प्रश्न असा होता : या अंगणातले सगळे त्या गोल दगडाला वळसा घालून का जातात, जणू तिथे कोणी झोपलं आहे?

तो पेवाच्या तोंडावरचा दगड. मी उत्तर द्यायला उठले, आणि स्वतःच वळसा घालून गेले. लहानपणापासून जात आले आहे. अहवालात मात्र मी त्याचा उल्लेख 'अंगणातील अडथळा' असा केला होता.

फाल्गुनात नवी ज्वारी यायच्या आत जुनी काढायचीच होती, म्हणून कडूबामामांनी पेव उघडायचं ठरवलं. त्यासाठी आधी गोकुळला बोलावणं गेलं. गोकुळ म्हणजे सोजरामामींचा भाऊ, कडूबामामांचा साळा. पेवात उतरणाऱ्याचा दोर त्याचा साळाच धरतो, असा इथला नियम. यानने कारण विचारलं. कडूबामामा म्हणाले, "भाऊ सोडून देईन दोर, वाटणी वाचते त्याची. साळा नाही सोडत. बहीण परत यीन नं त्याच्या घरी, चार लेकरं घेऊन!" मामा, आमच्या कारखान्यात टाकीत माणूस उतरवायला चार सह्या लागतात. त्या चौघांपैकी एकाच्याही घरी कोणी परत येणार नसतं.

यानलाही उतरायचं होतं. त्याचा साळा हॉलंडात, मग मार्येटने तिथल्या तिथे गोकुळच्या मनगटाला दोरा बांधला. गोकुळने ओवाळणी म्हणून गळ्यातला रुमाल दिला आणि यानला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "दाजी वजनदार हायेत."

दगड सरकवला, मातीचा लेप फोडला. सोजरामामींनी चुलीपाशी दिवा लावला, तो घेऊन अंगणाला सावकाश एक फेरी घातली, लिंबाखाली थांबून ज्योत नीट पाहिली, आणि मग दिवा सुतळीने पेवात सोडायला आणला. फेरीची मी मनात 'धार्मिक विधी' अशी नोंद केली. दरम्यान मी पेवाच्या तोंडावर वाकून वायुमापक चालू केला. प्राणवायू २०.९ टक्के. म्हणजे बाहेरच्याइतकाच. उतरायला हरकत नाही, असं मी सांगितलं.

दिवा अडीच हात खाली गेला आणि विझला. फडफडला नाही; चिमटीत धरून विझवावा तसा विझला. मामींनी पुन्हा लावला, पुन्हा फेरी, पुन्हा तेच. मी म्हणाले, तेल कमी असेल. "काठोकाठ हाये, बाई." मी म्हणाले, मीटर मागच्याच महिन्यात तपासून आणलाय, उतरा. (हे वाक्य लिहायलाच हवं म्हणून लिहिते.) यानने एक पाय आत टाकला होता. मामींनी त्याला पट्ट्याला धरून मागे ओढला. "काऊन घाई करता, दादा? माय वाट पाह्यत असन तुमची!" यान चौसष्ट वर्षांचा आहे.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू ते यंत्र कुठी चालू केलं व?"

"इथेच."

"मंग त्यानं पहिले हीच हवा पाह्यली. चांगली कोणती, ते त्याले कोणं सांगितलं?"

मामा, हे यंत्र चालू होताना भोवतीची हवा शुद्ध धरून चालतं आणि तिथून मोजतं. म्हणून ते मोकळ्यावर चालू करायचं असतं. कामगारांना हे शिकवणारा तक्ता क्रमांक नऊ माझ्याच हातचा आहे. मी रस्त्यावर गेले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणून आत सोडलं. ११.४. ते ओरडायला लागलं आणि शेजारची दोन कुत्रीही.

ती फेरी विधी नव्हती. ज्योत मोकळ्या हवेत ठीक जळते का, तेल, वात, वारा यांत खोट नाही ना, हे आधी पाहून मगच दिवा खाली. हे कोणी शोधून काढलं ते मामींना माहीत नाही. "पेव श्वास घेते नं," एवढंच त्या म्हणाल्या. तेही बरोबर आहे. बंद जागेत धान्य श्वास घेतं आणि प्राणवायू संपवतं. मी त्यात दुरुस्ती सुचवू शकले नाही.

आतली हवा बदलावी म्हणून दुपारभर लिंबाची फांदी दोराला बांधून पेवात खालीवर केली. चारला दिवा तळाशी जळत राहिला. कडूबामामा उतरले. आतल्याने सतत बोलत राहायचं, आवाज थांबला की ओढायचं. "अबे गोकुळ्या, तुह्या लग्नात मले जिलबी नाही भेटली!" "बोला, दाजी, बोला! जिते हायेत तवरच बोलसान!" दोन वर्षांची ज्वारी निघाली, एकही सोंडा किडा नाही. मग यान उतरला; तो तासभर आपल्या भाषेत बोलत होता, आणि गोकुळ प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होता.

शेवटी मी. पोरीचा दोर मामाने धरायचा, म्हणून कडूबामामांनी धरला. आत बारा फूट खोल, तळाशी रुंद, गळ्याशी अरुंद, भिंतींना शेणमातीचा लेप, एकही तडा नाही. बोलायला काही सुचेना, म्हणून मी पाढे म्हटले. एकोणीसच्या पाढ्यात थांबले तशी लगेच दोराला ओढ बसली. विसरले नव्हते. वर पाहत होते. इतक्या नेमक्या वस्तूच्या आत मी यापूर्वी कधी उभी राहिलेले नाही.

पेव बुजलं तर कडूबामामांना ज्वारी निघाल्या निघाल्या पडेल त्या भावाने विकावी लागेल. ते तुम्हाला हे सांगणार नाहीत. "महादेवचं अंगण हाये, त्याले गाडी ठेवायची असन," इतकंच म्हणतात.

विमलमामींना नमस्कार.

तुमची भाची,
समता

ता. क. १ : अंगणात लिंबाच्या पश्चिमेला पावणेतीन मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब जागा रिकामी आहे. तुमची गाडी बसते. दारंही उघडतात.

ता. क. २ : पेवामुळे घराच्या पायाला धोका आहे असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्ष अंतर ४.१ मीटर आहे. धोका नाही.

ता. क. ३ : अहवालाच्या दुसऱ्या पानावर 'पेव उघडून पाहणी केली' असं वाक्य आहे. ते खोटं आहे. तुम्हाला जे हवं होतं तेच मी खाटेवर बसून लिहिलं. अहवाल मी मागे घेत आहे. ट्रॉली रद्द करायची की नाही, ते शनिवार, २४ जानेवारीपर्यंत कडूबामामांना फोन करून कळवा.