म्हातारीच्या माथ्यावरचा चौथा सांधा

४ मार्च

वही, माफ कर. चार महिने तुला कपाटात कोंडून ठेवलं. आधी गुडघ्याचं निमित्त होतं, मग थंडीचं, मग सवयच मोडली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला लिहायला निमित्त लागतं, न लिहायला लागत नाही!

आज निमित्त आलं. लेकीचा फोन होता.

"बाबा, पाचशेवी ठरली! ओळखा कुठली?"

मी म्हटलं, मला काय माहीत? जगातल्या सगळ्या रोलर कोस्टरवर तू बसून झालीस. शिल्लक काय असणार?

"तुमची म्हातारी!"

फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तिला पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. म्हातारी तर सहा वर्षांपूर्वी उतरवली. एकेका तुळईवर नंबर घालून नेली, तेव्हा मला वाटलं होतं, नंबर कसले घालताय, जळणालाच जाणार आहे.

"जळणाला कशी जाईल! समुद्रापलीकडे नेऊन परत उभी केलीय. नव्या जागी उभी राहिली की नवीच मोजतात. तेच लाकूड, तेच बोल्ट. अस्सल आहे म्हणूनच तर जगभरचे शौकीन निघालेत. एकवीस तारखेला पहिली गाडी सुटणार, आणि पहिल्या डब्यात मी!"

मी वा म्हटलं. आणि फोन ठेवला.

५ मार्च

जेवण गेलं नाही.

७ मार्च

म्हातारी हे नाव आम्हा कामगारांचं. पाटीवर काहीतरी भपकेबाज नाव होतं. पण अंग लाकडाचं, चढताना कण्हणार, उतरताना किंचाळणार, वारा सुटला की हटून बसणार — तिला म्हातारी नाही तर काय म्हणायचं!

एकतीस वर्षं रोज सकाळी, फाटक उघडायच्या आधी, हातोडी घेऊन मी तिच्या अंगावर चढलो. प्रत्येक सांध्याच्या बोल्टवर एक ठोका. लाकूड जिवंत असेल तर टण्ण. आतून कुजलं असेल तर बद्द. डोळ्याला काही दिसत नाही, वरून रंग चकचकीत. कानालाच कळतं. खाली येऊन नोंदवहीत लिहायचं — ठीक. मगच पहिली गाडी सुटायची. माझं अक्षर त्या एका शब्दावरच सुधारलं.

आणि लोक कुठून कुठून यायचे! एक टोपीवाला अकरा तास विमानात बसून आला. सामान काय, तर दात घासायचा ब्रश. दिवसभरात तेवीस वेळा बसला, संध्याकाळी परत विमानात. एक बाई नवरा गेल्यावर आली, शेजारच्या जागेवर त्याचा शर्ट ठेवून वरून पट्टा आवळला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. एक जोडपं गाड्या बदलत आलं, तर वाऱ्यामुळे म्हातारी बंद! दोन दिवस फाटकाशी सतरंजी टाकून बसले. तिसऱ्या दिवशी वारा पडला.

लेक लहानपणी याच लोकांच्या घोळक्यात असायची. तिथेच बिघडली. आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि साठवलेली सगळी रजा यात घालवते. हिची आई म्हणायची, "बाप चढून चढून झिजला, लेक घसरून घसरून झिजणार."

८ मार्च

सकाळपासून कानात टण्ण, टण्ण, टण्ण. सहा वर्षं हेच चाललंय. कुणीतरी हातोडी घेऊन वर चढतंय, एकेक सांधा मागे टाकत. मी बद्दची वाट बघतो. तो येत नाही. तो येत नाही हेच वाईट.

१० मार्च

ब्रेकवाला येऊन गेला. अठ्ठावीस वर्षं ब्रेकचा दांडा ओढून त्याचा उजवा खांदा बोटभर खाली आलाय, जीभ मात्र जागच्या जागी. म्हणे केव्हापासून घंटी दाबत होता, शेवटी खिडकीवर खडा मारला.

"मेलास की काय, म्हटलं! अरे, खांदा द्यायला माझ्याकडे एकच धड आहे, तेवढं ध्यानात ठेवून मर."

मी म्हटलं, घंटी बिघडलीय.

तो बाहेर जाऊन दाबून आला. "चांगली बोंबलतेय की!"

म्हटलं, मग आताच सुधारली असेल. हल्ली सगळेच ओरडून बोलतात. हासुद्धा.

लेकीचं सांगितलं. त्याला कोण आनंद! "बापाच्या वळणावर गेली रे पोरगी. आपली म्हातारी परत धावणार!" दांडा ओढल्यासारखा हात केला. मी हसलो. सांगावंसं वाटलं, ओठावर आलं. पण त्या दिवशी दांड्यावर हाच होता. त्याला काय सांगू?

१२ मार्च

आज लिहून टाकतो. कुणी वाचणार नाही, तरी आधी दाराला कडी घातली.

शेवटच्या वर्षी गुडघे गेले. माथ्यापर्यंत चढवेना. पहिल्या टप्प्यापर्यंत जायचो, तिथे बसून घाम पुसायचो आणि खाली येऊन लिहायचो — ठीक. अकरा आठवडे! सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. लेकीची आई नुकतीच गेली होती. घरात भिंतींशिवाय होतं कोण?

म्हातारीच्या शेवटच्या दिवशी मात्र चढलो. निरोप घ्यायला. दोन्ही हातांनी कठडा धरत, थांबत थांबत. माथ्यावरून उतार सुरू होतो तिथे, डाव्या हाताला, चौथा सांधा. ठोका मारला.

बद्द.

पुन्हा मारला. बद्द.

खाली बघितलं. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं. टोपीवाला होता. शर्टवाली बाई होती. कोण कुठले समुद्र ओलांडून आलेले. मी बद्द म्हटलं की म्हातारी बंद, आणि पहिला प्रश्न — कधीपासून?

खाली आलो. लिहिलं — ठीक.

पहिली गाडी सुटली. पहिल्या डब्यात लेक. माथ्यावर आल्यावर दोन्ही हात वर करून ओरडली, "बाबाऽऽ!" आणि तो सांधा तिच्या खालून गेला. दिवसभर गाड्या गेल्या. काही झालं नाही. काहीच झालं नाही! तेव्हापासून मी त्या न झालेल्या गोष्टीची वाट बघतोय.

१४ मार्च

लेक निघाली. दोन विमानं, मग सोळा तासांची बस, मग बोट.

मी म्हटलं, एवढं सगळं दीड मिनिटासाठी?

"एक मिनिट पन्नास सेकंद! कमी लेखू नका तुमच्या म्हातारीला."

आज सांगणार होतो. ती विमानतळावर घाईत होती. मी म्हटलं, स्वेटर घेतलास का? घेतला म्हणाली.

१५ मार्च

सांगितलं नाही.

१७ मार्च

बसमधून फोन. तिच्याच सारखे आणखी नऊजण भेटलेत. एकाला पाठीचा त्रास, डॉक्टरने मनाई केलीय, तो बायकोला मासे पकडायला जातो सांगून आलाय. घरी काय नेणार? "परतताना बाजारातून मासे घेईल, बाबा!" मागे सगळे हसत होते. इतकं हसणं ऐकून सांगायचं राहून गेलं.

फोन ठेवताना म्हणाली, "मी ओरडल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही हल्ली. डोळे मी तपासते, कान कोण तपासणार?" म्हटलं, माझ्या कानांवर एकतीस वर्षं लोकांनी जीव सोपवला. तुझा जन्म नव्हता तेव्हापासून!

बोललो आणि जीभ चावली.

१९ मार्च

सांगितलं.

ती बोटीतून उतरून खोलीवर पोचली होती. खिडकीतून म्हातारीचा माथा दिसतो म्हणाली. मग माझ्याने राहवेना. सगळं ओकलो. गुडघे, अकरा आठवडे, चौथा सांधा, ठीक.

मग ती एकेक शब्द तोडत म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी पहिल्या डब्यात मी होते."

म्हटलं, माहीत आहे.

"तुम्ही खालून हात केलात मला."

म्हटलं, हो.

तिने फोन ठेवला.

२० मार्च

दुपारी तिचा फोन. आवाज कोरडा. तिथल्या फिटरला घेऊन माथ्यावर उभी होती. फिटर यंत्र लावून बघतो, हातोडीने नाही. त्याच्या यंत्राने सगळं चांगलं दाखवलं. तरी तिने त्याच्या हातात हातोडी दिली.

"यंत्राचं राहू द्या. मी फोन सांध्याला टेकवते, तो ठोकेल. तुम्ही ऐका. तुम्ही बस म्हणालात तर उद्या बसेन. नको म्हणालात तर इथूनच परत फिरेन, पाचशेवी राहिली तरी चालेल. पण बाबा, या वेळी खरं सांगा."

मी खुर्ची ओढून बसलो. डोळे मिटले. एकतीस वर्षांचा सगळा जीव कानात आणला.

पहिला. टण्ण.

दुसरा. टण्ण.

तिसरा. टण्ण.

"आता चौथा, बाबा."

फोन कानावर आणखी दाबला. म्हटलं, मार.

टण्ण.

म्हटलं, पुन्हा मारायला सांग. टण्ण! स्वच्छ, घंटेसारखा. म्हटलं, आणखी एकदा. टण्ण! तिकडे नेताना कुणीतरी शहाण्याने ती तुळई बदलली असणार. मी रडलो की हसलो, कळलं नाही.

"बाबा? काय आलं?"

म्हटलं, बस. पोरी, खुशाल बस. हात वर करून बस!

ती एकदम मऊ झाली. म्हणाली, "रागावले होते. अजून आहे थोडी. आल्यावर भांडू."

भांडू म्हणाली! सहा वर्षांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२१ मार्च

सकाळी ब्रेकवाल्याला सगळं सांगून टाकलं. तो शिव्या देईल वाटलं होतं. आपला खांदा चोळत राहिला. मग म्हणाला, "तिला तर सांगितलंस. बस झालं." जाताना दारातून काहीतरी बोलला, मी मान हलवली.

आता अकरा वाजलेत. तिथे गाडी सुटायला अर्धा तास. बसायच्या आधी सगळ्यांचे फोन खाली पेटीत ठेवायला लावतात.

चहा केला. लेकीने तिच्या शंभराव्या रोलर कोस्टरनंतर आणलेला कप. तळाला तडा गेलाय, खाली बशी धरावी लागते, पण फेकवत नाही. गंमत म्हणून चमच्याने त्याला ठोका दिला. कालचा आवाज आठवावा म्हणून.

टण्ण.

तडा गेलेला कप. बशीत चहा साचलाय, आणि टण्ण!

उठलो. दाराच्या फुगलेल्या फळीवर ठोकलं. टण्ण. उशीवर ठोकलं. टण्ण. मग, वही, तुझ्या पुठ्ठ्यावर ठोकलं.

२१ मार्च, साडेबारा

सात वेळा फोन लावला. तिकडे वाजतोय की माझ्याच कानात वाजतंय, कळत नाही. या वेळी मी खोटं बोललो नव्हतो गं. पोरी, उतरलीस की आधी कळव. दोन शब्द लिहून पाठव, लिहून — ऐकायला लावू नकोस. लवकर कळव.