आईच्या उंचीचा कमोड

प्रताप नगर, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट तुमच्या शेजारच्या सोनिकाच्या तोंडून सांगायची म्हणजे आईची लाज काढणे. म्हणून पाकीट चिकटवून तिच्या हाती देते. ती रोज उमरेडवरून इथे कॉलेजले येते, संध्याकाळी तुम्हाले मिळेल.

बाबा, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आता टाळता येत नाही. डॉक्टर म्हणतात, नंतर दोन महिने इथेच राहावे लागेल. पण आठ महिन्यांपूर्वी आमच्या बुटक्या कमोडवरून तिले उठताच आले नाही. मी बाजारात होती. शेवटी तुमच्या जावयाने, अमोलने, हात धरून उठवले, अन् दुसऱ्या सकाळी ती पहिली एसटी पकडून निघून गेली. तेव्हापासून तिने आमचा उंबरठा पाहिला नाही.

म्हणून आम्ही भिंतीवर टांगायचा कमोड पाहिला. काय सांगू! खाली पायच नाही, अधांतरी. पाण्याची टाकी भिंतीच्या आत, बाहेर फक्त दोन बटणं. दुकानदार स्वतः त्याच्यावर उभा राहिला, मग अमोललेही चढवले. सूतभर हलला नाही! चारशे किलो पेलते म्हणे.

मोठी गोष्ट म्हणजे पाहिजे त्या उंचीवर बसवता येते. पण एकदाच. भिंत बंद झाली की झाली. तेव्हा आई किती उंचीवरून आपल्या बळाने उठते ते मोजून पाठवा. तिले कळू देऊ नका.

तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची अश्लेषा

*

उमरेड
५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अश्लेषा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काहून वं, भिंतीले कमोड टांगतात का? भिंतीले कॅलेंडर टांगतात, टोपी टांगतात. अन् टाकी आत चिणली, ती गळली तर काय घर फोडसान? जावई शिकलेले आहेत म्हणून गप बसून राहिलो.

माप घेतले. तुह्या आईले आता कुठूनच एकटीने उठता येत नाही, फक्त आपल्या हातमागावरून येते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसते, अन् काम संपले की कोणाले हाक न मारता उभी राहते. काल ती देवळात गेली तेव्हा काठापासून खड्ड्याच्या तळापर्यंत सुतळी सोडून पाहिली. बरोबर चोवीस इंच. पन्नास वर्षं लुगडी विणली, माझे माप चुकत नाही.

तिले या घरात मी हात देतो, तर तेही तिले आवडत नाही. तोंड फिरवून घेते. तिचे हे काम होऊ दे बाई.

नातवाले पापा. आठवण ठेवत जाय.
तुहा बाबा, रामाजी

*

प्रताप नगर
१२ फेब्रुवारी २०२५

ति. बाबांना नमस्कार, वि. वि.

लोखंडी सांगाडा आला, भिंतीले बोल्टने आवळला, टाकी त्याच्यात बसली. गळतीची काळजी करू नका. बटणाची पाटी काढली की त्याच खिडकीतून हात घालून सगळे दुरुस्त होते, एक टाइल फोडावी लागत नाही. मी स्वतः हात घालून पाहिला! आज पाणी सोडले तर आवाज इतका कमी, की मले वाटले आलेच नाही. मी अन् अमोल, दोघेही खुळ्यासारखे बटण दाबून राहिलो होतो.

प्लंबर शालिकराम मात्र कटकट करते. त्याची उंची नेहमीची सोळा-सतरा इंच. चोवीस ऐकून त्याने विचारले, घरी उंट पाळला का. मी सांगितले, माझ्या बाबांचे माप आहे, तसेच बसव. उद्या दुपारी भिंत बंद होईल, मग टाइल.

आईले आता हळूच सांगायले हरकत नाही. लोभ कमी करू नका.
अश्लेषा

*

उमरेड
१३ फेब्रुवारी २०२५, सकाळी

चि. अश्लेषास आशीर्वाद.

भिंत थांबव! सोनिकाले कॉलेज सोडून आधी तुह्या घरी यायले सांगितले आहे.

रात्री आईले सगळे सांगितले. आधी रडली. मग चोवीस इंच ऐकले अन् पदर तोंडाले लावून हसत सुटली. म्हणे, माझे पाय लोंबकळतीन. लग्न होऊन आली तेव्हा मागावर तिचे पाय पुरत नव्हते. नव्या नवरीने सांगायचे कसे, म्हणून तिने गुपचूप दोन विटा खड्ड्यात टाकल्या. चाळीस वर्षं त्याच्यावरच पाय ठेवून बसते. मी उतरून चाचपले, वं. आहेत विटा! कोपऱ्यात, सुताच्या कचऱ्याखाली दबलेल्या. त्याच खड्ड्यात मी जन्म काढला अन् मले पत्ता नाही.

मग तिनेच पाटावर सतरंज्या रचायले लावल्या. एकेक घडी वाढवली. अठरा इंचाले ती उठली. माझा खांदा न धरता. अठरा, बाई. मी चुकलो, शालिकरामले माझा रामराम सांग.

बाबा

*

प्रताप नगर
२ मार्च २०२५

अश्लेषाच्या बाबांना इंदूचा नमस्कार. इकडे खुशाल, तिकडची खुशाली कळवा.

पोरगी सांगते, तुमची चिठ्ठी आली तेव्हा वीट अर्ध्यावर गेली होती. शालिकरामने बडबड करत उकलली, सांगाडा खाली घेतला, सांडपाण्याचा पाइपही नव्याने जोडला. अठरावर बसवला.

काल मी आली. तो कमोड पाहून तर मले देवाघरचे काही पाहिल्यावाणी झाले. खाली पाय नाही, पांढराशुभ्र, अन् त्याच्याखालून फरशी पार भिंतीपर्यंत दिसते. दाराशी कितीतरी वेळ उभी होती. याच्यावर बसू की याले हळदीकुंकू वाहू, समजेना. पोरगी बाहेर थांबते म्हणाली. मी म्हटले, तू जाय, भाजी कर. अन् आतून कडी लावली. कितीक महिन्यांनी कडी लावली हो! तळवे पूर्ण टेकले. बसली. उठली. विश्वास बसेना म्हणून परत बसली, परत उठली. कोणाचा हात नाही, कोणाले हाक नाही. मग आतच उभी राहून पोटभर रडली.

ऑपरेशन दहा तारखेले आहे, तुम्ही आठलेच या. दोन महिने मी इथून हलत नाही. जीव लावता तसाच लावत राहा.

अन् हो, आज सकाळी चहा जावयासोबत घेतला, त्याच्या तोंडाकडे पाहून.

इंदू