रिकामी समजून पुसलेली डिस्क

४ मार्च, मंगळवार
ह्यांच्याशी परत वाजलं. दुकानातल्या एकाच कंप्युटरात दोन लिनक्स, चालू करताना एक निवडायचं. जुन्यात ह्यांचं भरतकामाचं सॉफ्टवेअर, नव्यात माझी बिलं नि गिऱ्हाइकांची मापं. डिझाईनची डिस्क माझ्याकडे sda दिसते, ह्यांच्याकडे sdb. म्हणे, "तू वायर हलवलीस." मी कशाला हलवू? दुसरं काम नाही मला?

६ मार्च
वीणाला फोन. भावाची मुलगी, बेंगळूरला कंप्युटरचंच काम करते. म्हणाली, "अत्या, ते नाव डिस्कचं नव्हेच. चालू होताना जी आधी सापडेल ती a, मग b. कधीही बदलतं. UUID म्हणून लांब नंबर असतो तो बघ, नाहीतर लेबल लाव."
लांब नंबर! डोळे कुणाचे?
रिकामी डिस्क आणलीय. ह्यांच्या सगळ्या डिझाईनची कॉपी त्यावर करायची. अकरा वर्षांची चित्रं. आता ह्यांचा हात कापतो, नवी रेघ ओढवत नाही.
वहीत लिहिलं: रिकामी = sdb.

७ मार्च
घात केला मी.
नवी डिस्क वापरण्याआधी पुसून घ्यावी लागते, म्हणून वहीत बघून sdb टाकलं. सकाळी ह्यांनी जुनं लिनक्स लावून ठेवलेलं, ते बघितलंच नाही. तिथं sdb म्हणजे डिझाईनची. पुसण्याआधी विचारलं होतं कंप्युटरनं, हिच्यावर काहीतरी आहे, पुढं जाऊ का? मला घाई. y दाबला.
चिठ्ठी कपड्याला टोचायची, खुंटीला नाही. खुंटीवरचं कोणीही हलवतं. तीस वर्षं शिकाऊ पोरींवर हेच ओरडले. आणि मी...
वीणा: "आता हात लावू नकोस अत्या. काढून ठेव. रविवारी येते. किती मिळेल माहीत नाही."
ह्यांना सांगितलं. "आयतु, बिडु." एवढंच. कन्नडात, झालं ते सोड म्हणे. चहा तसाच टाकून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

९ मार्च, रविवार
वीणा दिवसभर बसली. काही फायली निघाल्या, नावं गेलेली, निम्म्या उघडत नाहीत. डिस्क बेंगळूरला घेऊन गेली. नव्या डिस्कला लेबल लावलंय, दोन्ही लिनक्समध्ये आता एकच नाव दिसतं. छान. आत काही नाही.
मग सुचलं, डिझाईन गिऱ्हाइकांच्या अंगावर आहेतच की! फोन लावत सुटले. एक दिवस ब्लाउज द्या, फोटो काढून परत देते. गोकुलम भागातल्या टीचरबाई म्हणाल्या, "शिवण उसवली का?"
"शिवण नाही हो, डोकं उसवलं माझं."

११ मार्च
दहा ब्लाउज आले. टीचरबाईंचा ह्यांनी आधी हातात घेतला, उलटा केला. भरतकाम पाठीकडून बघायची सवय. वेलीवरून बोट फिरवलं.
"ही कोयरी मी अशी काढली नव्हती."
मीच बारीक केली होती. मोठी कोयरी मशीनवर वेळ खाते, बाई दारात उभी होती. ह्यांना बोलले नव्हते.
"बाकीच्यांत किती बदललंस?"
आठवेना. खरंच आठवेना.
ह्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "दे. एकेक दे, मी सांगतो."